पुसून परत सांग

शोकसभेत आमच्या संस्थेचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि त्यांनी प्रयागबाईंना शांत म्हटलं. शांत, संयमी, मायेची सावली, आयुष्यात कुणाला उणा शब्द न बोललेल्या. मग चष्मा काढून डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाले, नियतीपुढे कुणाचं चालतं, ऐन वेळी गाडी अचानक बंद पडली.

मंडपातल्या सगळ्या माना हलल्या. एवढ्या भाषणात खरं वाक्य एकही नव्हतं, तरी हलल्या. प्रयागबाई शांत नव्हत्या. संयम त्यांच्या घरावरून कधी गेला नसेल. उणा शब्द तर सकाळच्या चहाबरोबरच सुरू व्हायचा. आणि गाडी अचानक बंद पडली नाही. एखाद्या गोष्टीला अचानक म्हणायचं तर ती आधी कुणी सांगितलेली नसावी लागते. ही सांगितलेली होती. शाळेच्या पटांगणात, सगळ्यांच्या देखत, हळदकुंकवाच्या ताटासमोर सांगितलेली होती.

सभेत कोण बोलणार हे आधीच ठरलं होतं. मी शाळेची ग्रंथपाल. पुस्तकं देते, घेते, फाटलेली शिवते. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला उभ्यानं बोलता येत नाही. बसून, सावकाश लिहिता येतं. तेवढं करते.

आमची शाळा घाटनांदूरच्या पुढे एका गावात. आम्ही तिघं अंबाजोगाईहून जाऊन-येऊन करायचो: प्रयागबाई, गणिताचे लोमटे सर आणि मी. गाडी बाईंची, जुनी पांढरी मारुती, आणि चालवायच्याही त्याच. भूगोल शिकवायच्या. हाडापेरानं मोठ्या, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, आवाज दोन वर्ग ओलांडून तिसऱ्यात जाणारा. उजव्या अंगठ्याच्या नखाखाली एक काळी रेघ कायमची. नवीन लागलेल्या एका शिक्षिकेनं एकदा भीतभीत विचारलं, बाई, मेंदीचा डाग राहिलाय का. बाई म्हणाल्या, "इंजिनाची मेंदी हाय ती. जात न्हाई."

रोज सकाळी आम्ही त्यांच्या दारात जमायचो. गाडी समोरच्या सपाट फरशीवर असायची, कारण उतारावर इंजिनातलं तेल एका अंगाला जातं आणि ते मोजायची पट्टी खोटं सांगते. इंजिन गार असताना बाई बॉनेट उघडून दांडी लावायच्या आणि पिवळ्या कडीची लांब पट्टी सर्रकन ओढून काढायच्या. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीकडे त्या बघायच्याच नाहीत. आदल्या दिवशी गाडी चाललेली असते, तेल उसळून पट्टीला वरपर्यंत माखलेलं असतं. खरोखर किती आहे ते त्यावरून कळत नाही. जुन्या साडीच्या फडक्यानं ती पुसायची, पार आतपर्यंत घालायची, पुन्हा काढायची आणि डोळ्यांसमोर आडवी धरायची. खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये तेल असलं की झालं. कमी असलं तर डब्यातून थोडं घालायचं, ते खाली उतरेपर्यंत थांबायचं, पुन्हा पुसून बघायचं. मग बॉनेट धाडकन खाली आणि एकच शब्द, "चला." त्या शब्दाशिवाय आम्ही गाडीत बसायचं नाही, असा नियम होता.

लोमटे सरांना रोज उशीर व्हायची धास्ती. ते पिशवी छातीशी धरून म्हणायचे, "बाई, आज ताप किती हाय गाडीला?"

"तुमच्या डोक्यापेक्षा कमी हाय. बसा."

आजूबाजूचे लोकही हसायचे. दूधवाला म्हणायचा, बाई गाडीला थर्मामीटर लावल्याबिगर निघत न्हाईत. बाईंना हसण्याचं काही वाटत नसे. त्यांना राग यायचा तो "दिवा लागंल की" असं म्हणणाऱ्यांचा. समोरच्या काचेखाली तेलाच्या झारीचं चित्र असलेला एक लाल दिवा असतो. तेल संपत आलं की तो लागतो, मग रोज वाकून बघायचं कशाला, असं पुष्कळांचं म्हणणं. बाई म्हणायच्या, "दिवा लागला म्हंजी मुडदा उठून सांगतो, मी मेलो. मेल्यावर काय ऐकायचं?"

त्यांच्या रागाला अशी धार असायची, पण तो सरसकट नसायचा. तो पहिल्या उत्तरावर यायचा. वर्गात एखाद्या मुलानं गृहपाठ आणला नाही, आणि उभं राहून सांगितलं की काल आजी आजारी होती, तर बाई खडू खाली ठेवायच्या. "पुसून परत सांग." मुलगा जमिनीकडे बघत म्हणायचा, "क्रिकेट खेळायला गेलतो, बाई." "बस." संपलं. शिक्षा नाही, पुढे कधी उल्लेख नाही. नववीतल्या एका मुलीचे वडील तिचा दाखला मागायला आले. मेंढरांचा धंदा होता त्यांचा, अंगावर घोंगडी. म्हणाले, पोरीलाच शिकायचं न्हाई. बाई म्हणाल्या, पुसून परत सांगा. त्या गृहस्थांनी दाराची चौकट धरली. मग म्हणाले, स्थळ आलंय. "हां. आता भांडता येतं," असं म्हणून बाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि मधली सुटी संपेपर्यंत त्यांच्याशी भांडल्या. पोरगी बारावीपर्यंत शिकली. त्यापुढे नाही. त्याबद्दल बाई शेवटपर्यंत धुमसत होत्या.

हेडमास्तरांनाही त्यांनी हे वाक्य ऐकवलेलं आहे. मलाही. ग्रंथालयातलं कुठलं पुस्तक आवडलं असं त्यांनी विचारलं आणि मी सगळीच चांगली आहेत म्हटलं, तेव्हा.

त्या चुकत नसत असं मात्र मी लिहिणार नाही. शोकसभेत ते सगळं बोलून झालंय. एकदा थंडीत ऑइल कमी निघालं म्हणून त्या घालत होत्या आणि लोमटे सर त्यांच्या मुलाच्या लग्नात वऱ्हाड कसं रुसलं ते सांगत होते. ऐकता ऐकता बाईंनी बॉनेट लावलं, ऑइलचं झाकण लावायचं राहिलं. गावाबाहेर पडलो आणि जळकट वास सुटला, पुढून धूर. उघडून बघतो तर इंजिनभर तेल उडालेलं, आणि झाकण बिचारं बॅटरीवर जसंच्या तसं बसलेलं. बाईंनी ते उचललं, फिरवून घट्ट केलं आणि लोमटे सरांकडे वळल्या. "तुमच्या पोराचं लग्न माझ्या इंजिनात लागलं." दुसऱ्या दिवशी गाडीत बसताच त्यांनी सरांच्या मांडीवर गुळपापडीचा डबा ठेवला. माफीचा शब्द काही निघाला नाही. सरांनी एक वडी तोंडात टाकली आणि म्हणाले, तूप हात राखून घातलंय. म्हणजे मिटलं.

ही सवय कुठून आली ते त्यांनी परतीच्या वाटेवर एकदा आपणहून सांगितलं. धर्मापुरीकडे त्यांच्या वडिलांचं शेत, विहिरीवर डिझेलचं इंजिन. ते सुरू करायच्या आधी ऑइल बघायचं काम खरं तर भावाचं, पण भाऊ झोपलेला असायचा. मग ही दगडावर चढून पट्टी बघायची आणि खाली येऊन वडिलांना सांगायची. एका सकाळी कंटाळा आला म्हणून न बघताच सांगून टाकलं, बघितली. "बापानं इंजिनाकडं बघितलंच न्हाई," बाई म्हणाल्या. "माझ्या हाताकडं बघितलं. हात सोच्छ होता. मारलं न्हाई, काही न्हाई. जा म्हणला, पुसून बघ अन् परत सांग." त्या दिवसापासून बाई कुणाचंही तोंड ऐकायच्या आणि हात बघायच्या.

आता संस्थेच्या गाडीचं लिहिते, म्हणजे माझा हात जड होतो.

संस्थेची गाडी मोठी होती, पांढरी, मागच्या काचेवर अध्यक्षांचा हात जोडलेला हसरा फोटो. अध्यक्षांना आमच्याकडे सगळे साहेब म्हणतात. ते निवडणुकीला उभे राहतात, कधी येतात, कधी पडतात, पण साहेब ते साहेबच. गाडी चालवायला त्यांच्या मेहुण्याचा मुलगा बाळू. शाळेच्या पटांगणात लिंबाखाली गाडीची जागा ठरलेली, आणि त्या जागेवर तेलाचा एक काळा डाग पडायला लागला. तो वाढत गेला. बाईंनी नववीचा वर्ग तिथे नेऊन उभा केला. "बघा रे, ही गाडी रोज नकाशा काढती. गणपतीत श्रीलंका होती, आता ऑस्ट्रेलिया झाली." मुलं खिदळली. बाळू पलीकडे मोबाइल बघत उभा होता, तोही हसला.

खंडेनवमीला शाळेत गाड्यांची पूजा असते. संस्थेच्या गाडीला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं, बॉनेटवर हळदकुंकवाची स्वस्तिकं. साहेबांनी नारळ फोडला, पेढे वाटले गेले. बाईंनी पेढा घेतला, तो पदराच्या टोकाला बांधला आणि म्हणाल्या, "साहेब, वरून झालं. आता आतून बघू."

नाही म्हणता येईना, एवढे लोक जमलेले. बॉनेट उघडताना हार तुटून फुलं इंजिनावर पडली. बाईंनी पट्टी काढली, फडक्यानं पुसली, घातली, पुन्हा काढली. नुसत्या टोकाला काळं लागलेलं होतं. त्यांनी ती सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि बाळूला म्हणाल्या, "कधी बघितलंतंस?"

"परवाच, बाई."

"हात दाखव."

बाळूनं हात पुढे केले. गोरे, स्वच्छ, एका बोटात अंगठी. बाईंनी पट्टी त्या हातांशेजारी धरली. बोलले ते साहेब. साहेबांना हसून बोलता येतं, ती त्यांची विद्या आहे. म्हणाले, "बाई, तुमी मास्तरीण हाय का मेकॅनिक?" सगळं पटांगण हसलं. "टाक बे बाळू, बाईंसाठी आईल. आज सण हाय."

बाळूनं डबा आणला आणि सगळा उपडा केला. बाईंनी थोडं थांबून पुन्हा पुसून पट्टी बघितली. तेल वरच्या खुणेच्या बरंच वर गेलेलं. त्या म्हणाल्या, आता जास्त झालं, हेही इंजिनाला वाईट, आणि मुळात गळतंय ते आधी बंद करा. साहेब म्हणाले, "कमी तरी वरडता, जास्त तरी वरडता. तुमचं मन भरायचं कशानं?" पुन्हा हशा. त्यात हेडमास्तर होते, लोमटे सर होते, मुलंही होती. साहेबांच्या समोर आमच्या शाळेत हसू लवकर येतं.

परत येताना घाटनांदूर मागे पडलं. बाई रस्त्याकडे बघतच म्हणाल्या, "हसले म्हून राग न्हाई. गळतंय ते बघा म्हणलं, त्यावर हसले. गळायचं काय थांबतंय का हसल्यानं?"

नाही थांबलं. ऑस्ट्रेलिया वाढतच राहिला. बाई दिसल्या की बाळू हात खिशात घालायला लागला. त्या लांबूनच म्हणायच्या, "बाहेर काढ, बघू," आणि तो हसून वाट बदलायचा. आम्हाला ती गंमत वाटायची.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी दुपारी बक्षिसांची नावं वाचता वाचता बाई मध्येच खाली बसल्या. घाम फुटलेला, डावा हात छातीशी दाबून धरलेला. म्हणत होत्या, पित्त आहे. लोमटे सरांचे वडील असेच गेलेले. त्यांनी बघताक्षणी ओळखलं. रुग्णवाहिकेला फोन केला, ती दुसऱ्या गावाला गेलेली होती, यायला वेळ लागणार होता. सरांनी बाईंच्या पर्समधून मारुतीची किल्ली काढली. बाईंनी ती बघून मान डोलावली आणि स्पष्ट म्हणाल्या, "माझी गाडी घ्या. सकाळी बघितलीय."

तेवढ्यात साहेब व्यासपीठावरून खाली आले. "संस्थेची एवढी गाडी दारात असताना त्या डबड्यात कशाला न्यायचं? लोक काय म्हणतील आमाला?" मी म्हटलं, बाई त्यांची गाडी घ्या म्हणतायत. माझा आवाज मुळात लहान. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यांना काय कळतंय आत्ता." दोघा-तिघांनी फोन वर धरून फोटो काढले. बाळूनं गाडी पायरीला लावली. सरांनी किल्ली खिशात टाकली. बाईंना मधल्या सीटवर आडवं केलं, डोकं माझ्या मांडीवर; सर पुढे बसले. साहेबांनी हात हलवून निरोप दिला आणि उरलेली बक्षिसं द्यायला वर गेले.

घाटनांदूर ओलांडून थोडं पुढे गेलो असू. बाईंचे डोळे मिटलेले होते. कुणाला काही ऐकू यायच्या आधी त्या म्हणाल्या, "बंद कर. आत ठोकतंय."

"काय न्हाई बाई, तुमी पडून ऱ्हावा," बाळू म्हणाला आणि त्यानं वेग वाढवला. त्यात त्याचा दोष मी धरत नाही. तो घाबरलेला होता. मग खडखड आम्हालाही ऐकू आली, तापल्या लोखंडाचा वास आला, आणि एक हिसका बसून गाडी थांबली. बाळूनं पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन आतल्या आत जाम झालं होतं, हललं नाही.

सर ओरडले, तेल संपलंय का बघ. बाळू म्हणाला, कसं संपंल, दिवाच लागला न्हाई.

माझ्या मांडीवरून बाईंचा आवाज आला. एरवी तीन वर्गांना पुरणारा तो आवाज आता पुढच्या सीटपर्यंत कसाबसा गेला. "किल्ली फिरवल्यावर लागला का?"

मी त्यांच्या शेजारच्या सीटवर इतकी वर्षं बसलेली, मला कळलं. किल्ली फिरवली की तो लाल दिवा एकदा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. लागलाच नाही, तर दिवाच जागेवर नाही.

"न्हाई," बाळू म्हणाला.

"मग दिवा कुठं गेला?"

बाळूनं पुन्हा किल्ली फिरवली.

"पुसून परत सांग, बाळू."

बाळूनं समोर बोट केलं. काट्यांच्या चौकटीत एका बाजूला निवडणुकीतलं एक गोल स्टिकर चिकटवलेलं होतं, रुपयाएवढं. साहेबांचा हसरा चेहरा. "लागत होता," तो म्हणाला, आणि त्याचं तोंड वाकडं झालं. "लई दिवस लागत होता. मी सांगितलतं साहेबांना. म्हणले, बघू पुढं, आत्ता दौरा हाय. पुढं बसलं की त्यांच्या डोळ्यात यायचा. म्हणले, झाक ते. हे त्यांच्यापशीच होतं खिशात."

मी बाईंचं डोकं मागे आलेल्या सरांच्या हातात दिलं, पुढे जाऊन ते स्टिकर नखानं खरवडलं. खाली लाल दिवा लागलेला होता. मग मी बॉनेट उघडायला लावलं. आयुष्यात पहिल्यांदा. पदराच्या घडीनं धरून पट्टी काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली. पट्टी टोकापर्यंत कोरडी होती. माझ्या पांढऱ्या पदरावर नीट डागसुद्धा पडला नाही. ती मी बाईंना नेऊन दाखवली, कारण दुसऱ्या कुणाला दाखवायची हे मला सुचलं नाही. त्यांनी ती बघितली आणि नजर खिडकीकडे वळवली. स्वतःचं खरं ठरल्याचं समाधान मी त्यांच्या तोंडावर शोधलं. दिसली ती नुसती चीड, खंडेनवमीच्या संध्याकाळी होती तीच.

वेळेवर पोचलो असतो तर त्या वाचल्या असत्या, असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणाले नाहीत. ते कुणालाच माहीत नाही, आणि नेमकं तेच या लोकांच्या सोयीचं झालं. जे माहीत नाही त्याला त्यांनी नियती म्हटलं, आणि जे माहीत होतं तेही त्याच टोपलीत टाकलं. मला जे माहीत आहे ते एवढंच, की मारुती लिंबापलीकडे उभी होती, तिच्या पट्टीवर तेल दोन खुणांच्या मध्ये होतं, आणि ती बाईंनी मागितली होती.

शोकसभेचा मंडप त्याच पटांगणात घातला. काळा डाग दिसू नये म्हणून त्यावर हिरवा गालिचा अंथरला, आणि ऑस्ट्रेलियावर साहेबांची खुर्ची आली. बाईंच्या नावानं दरवर्षी एक बक्षीस जाहीर झालं, सर्वात शांत आणि आज्ञाधारक विद्यार्थिनीला. टाळ्या पडल्या. बाळू मंडपात आला नाही, फाटकाबाहेर नवं इंजिन बसवलेल्या त्याच गाडीला टेकून उभा होता. मी जवळून गेले तेव्हा त्यानं हात खिशातून काढले आणि माझ्यासमोर धरले. काळे होते. माझा राग मला त्याच्यावर काढायचा नाही. त्या रागाची जागा गालिच्यावरच्या खुर्चीत आहे.

अंबाजोगाई दिसायच्या आधी बाई गेल्या. पण मला आठवतं ते त्याच्या थोडं आधीचं.

आम्ही रस्त्यात उभे राहून हात करत होतो. एक-दोन गाड्या वेग न सोडता गेल्या. मग बाजार करून परतणारा शेळ्यामेंढ्यांचा एक पिकअप थांबला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, दाढी वाढलेला माणूस खाली उतरला. काय झालं हे त्यानं विचारलंही नाही. मागे न विकले गेलेले दोन एडके होते, ते त्यानं ओढून केबिनच्या बाजूला आखूड बांधले, स्वतःची घोंगडी हौद्यात अंथरली, आणि सरांनी, बाळूनं आणि त्यानं मिळून बाईंना उचलून वर ठेवलं. मी चढून त्यांचं डोकं पुन्हा मांडीवर घेतलं. त्यांच्या केसांत लेंड्या अडकत होत्या, मी त्या काढत होते.

तो माणूस फळी लावून पुढे निघाला, तेव्हा बाईंनी बोट वर केलं. तो परत आला, वाकला. "काय, मावशी?"

"गाडीचं ऑइल बघतो का रे?"

त्याला वाटलं भ्रमात बोलतायत. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सांगा.

"बघतो की. सकाळीच बघितलंय, मावशी."

"हात दाखव."

तो गोंधळला, पण त्यानं दोन्ही हात फळीवरून आत केले. भेगा पडलेले, लोकरीचा वास येणारे. उजव्या अंगठ्याच्या नखाखाली काळी रेघ होती. बाईंनी ती नीट बघितली, मान टेकवली, आणि रोज सकाळी बॉनेट धाडकन लावल्यावर म्हणायच्या तसं म्हणाल्या, "चला."